उरलंसुरलं नेईल

(तरुणांच्या बैठकीत बुद्धविहारात केलेलं भाषण. वक्त्यानेच नंतर लिहून दिलं. बोलीतलं जिथं जसं आलं तिथं तसंच छापलं आहे.)



मला कवितेवर बोलायला सांगितलं होतं. कविता राहू दे. आज बैठकीपुढं एक ठराव आलाय, चार ओळींचा. त्या चार ओळी माझ्या घशात बोयटाचा काटा अडकावा तशा अडकल्यात. ठराव असा : शनवारच्या जेवणाला भांडी घासायला, लसूण-शेंगा निवडायला, पाणी भरायला एक बाई ठेवावी. वरच्या वाडीतली कातकरीण बघावी. रात्रीचे तीनशे द्यावे. आणि शेवटची ओळ, ज्यानं लिहिली त्यानं अगदी साध्या मनानं लिहिलीय : ‘उरलंसुरलं ती नेईल.’

लिहिणारा माझा दोस्त आहे. समोरच बसलाय. हसतोय. हस लेका. मी पण पहिल्यांदा हसलोच होतो.

बाहेरगावची मंडळी बसलीत, त्यांच्यासाठी हे शनवारचं प्रकरण काय ते सांगतो. दोन वर्षांमागं थंडीत आपण पोपटी लावली. पोपटी रायगडात कुणाला सांगावी लागत नाही, पण घाटावरच्या पोरांना माहीत नसेल. वालाच्या शेंगा भरल्या की रात्री शेतावर मडकं घेऊन जायचं. तळाला भांबुर्डीचा पाला. त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा. मध्ये मसाला चोळलेली कोंबडी पानात बांधून, अंडी, बटाटे, रताळी. परत शेंगा, परत पाला, तोंड पाल्यानंच गच्च बंद. मडकं उपडं घालायचं, भोवती पेंढा, गवऱ्या, काटक्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. अर्ध्या-पाऊण तासानं मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. चर्र करून उडालं की झाली. मग आगीच्या कडेला बसून बोटं भाजत खायचं, शिव्या द्यायच्या, गाणी म्हणायची. आपल्यातल्या दोघांनी तर पहिली कविता तिथंच वाचली. कोंबडी तोंडात होती म्हणून कुणी वाईट बोललं नाही.

तर पोपटीत भांडं एकच, तेही मातीचं. जेवायला पान नाहीतर पेपर. घासायला काय? कायच नाही. म्हणून पोपटीत भांडण नाही.

मग पावसाळा आला. आग पेटेना. पण सवय लागली होती. विहाराच्या मागच्या पडवीत चूल मांडली. चौदा पोरं, दीडशे रुपये वर्गणी, दर महिन्याचा पहिला शनवार. मटण, सुके बोंबील, जवळ्याची चटणी, तांदळाच्या भाकऱ्या. भाकऱ्या पहिल्या दोन महिने भारताच्या नकाशासारख्या झाल्या, नंतर गोल व्हायला लागल्या. मी रेवस-करंजा तरीनं पलीकडं बंदरावर जातो, लॅशिंगवर. कंटेनरचे गज आवळून हाताला घट्टे. त्या हातानं भाकरी थापायला शिकलो तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली. बघत होती. काय बोलली नाय.

बाया नकोत, हा नियम आपणच केला. कारण चांगलं होतं, असं आपल्याला वाटलं. आया-बहिणी आल्या की त्याच चुलीपुढं बसणार, म्हणून त्यांना येऊच द्यायचं नाही. एक दिवस तरी त्यांच्या चुलीला सुट्टी. भाषणात हे फार छान वाटलं होतं. मीच केलं होतं ते भाषण.

आता रविवारी सकाळी काय व्हायचं ते ऐका. आपण रात्री एक वाजता ढेकर देऊन घरी. पडवीत दोन टोप, एक कढई, परात, चौदा ताटं, तवा करपलेला, मटणाची चरबी थिजलेली. त्यावर कुत्री. सकाळी वंदनेला बाया आल्या की हे दृश्य. त्यांनी पदर खोचला आणि घासलं. एक महिना नाही, सात महिने. राख त्यांची, काथ्या त्यांचा, कंबर त्यांची. आठव्या महिन्यात माझ्याच आईनं टोप तसाच उचलून आमच्या उंबऱ्यावर आणून ठेवला. बोलली, ‘शिजवणारे तुम्ही, खाणारे तुम्ही, नि खरकटं आमचं? हे कुठलं रे सुट्टीचं?’

त्या टोपातून हा ठराव निघालाय. आया घासत नाहीत ना, मग बाई ठेवू. आपली नको, आपल्याला लाज वाटेल. वाडीतली ठेवू. उतरंड बघा कशी लागली आपोआप. कुणी मनूला विचारायला गेलं नव्हतं.

आपण काय पहिले नाही. मोबाइलवर वाचत होतो. स्पेनच्या उत्तरेला बास्क लोकांचा मुलूख आहे, समुद्राकाठचा, मासेमारांचा, गोद्यांचा. तिथं सान सेबास्तियान गावात पुरुषांच्या स्वयंपाकाच्या मंडळ्या आहेत. चोको म्हणतात. ‘युनियन आर्तेसाना’ नावाची मंडळी १८७० सालची. सभासदाकडं किल्ली असते. यायचं, शिजवायचं, मित्रांना वाढायचं, किती दारू-तेल वापरलं ते स्वतःच चिठ्ठीवर लिहून पैसे ठेवायचे. मालक नाही, गल्ल्यावर पहारा नाही. श्रीमंत-गरीब एका बाकावर. फ्रँकोच्या हुकूमशाहीत बास्क भाषा दाबली होती, तेव्हा ह्या खोल्यांत ती बोलली गेली, गायली गेली. मला हे वाचून भरून आलं. म्हटलं, वा! पुढं वाचलं तर, बायकांना स्वयंपाकघरात मज्जाव. बऱ्याच ठिकाणी आता सभासद करून घेतात, काही अजून अडून बसलेत. आणि मागचं खरकटं काढायला, भांडी धुवायला पगारी बाया. म्हणजे किल्ली नाही, बाक नाही, चिठ्ठी नाही, फक्त मोरी. पृथ्वीच्या त्या टोकालाही टोप तसाच करपतो, आणि घासणारी तशीच मागच्या दारानं येते.

मुंबईतसुद्धा होतं की. धोबीतलावला, माझगावला गोव्याच्या खलाशांच्या कुडी, गावागावाच्या, पुरुषांच्या. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेल्या गड्यांच्या खोल्या, एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे. त्यांना जेवायला घालायच्या खानावळवाल्या बाया. गिरणी कामगाराचा इतिहास लिहिताना संप लिहितात, मोर्चे लिहितात. त्याच्या पोटात ज्या बाईची भाकरी होती ती बाई १९७५ साली प्रेमा पुरवांनी ‘अन्नपूर्णा’ काढली तेव्हा कुठं मोजली गेली. तोवर ती उधारीवर पीठ आणत होती आणि गड्याच्या पगाराची वाट बघत होती.

आता माझ्या मावशीचं सांगतो. हे मी कुठं छापलं नाही, कवितेतही नाही.

मांडव्याच्या पुढं किनाऱ्यानं मुंबईवाल्यांचे बंगले आहेत. आता २०२० पासून रो-रो बोट झालीय, गाडीसकट उतरतात. मी सांगतो ते त्याच्या आधीचं. मी दहा वर्षांचा असेन. एका बंगल्यावर दहा-बारा दोस्त पंधरवड्यानं यायचे, बायका-पोरं घरी ठेवून. छंद काय, तर स्वतः शिजवायचं. प्रत्येकाच्या पोटाला अॅप्रन, त्यावर नाव छापलेलं. त्यांना मदतीला बाई हवी होती. माळी आमच्याकडं आला. आडनाव विचारलं. कोकणात आडनावाला ‘कर’ लागतो, त्यातून काय कळत नाही. मग विचारलं, ‘कुठल्या आळीतली?’ मावशी बोलली, ‘बौद्धवाडीतली.’ खोटं बोलायची तिला सवय नव्हती. माळी गेला, साहेबांना विचारून परत आला. ‘साहेब बोलले आमी जातपात मानत नाय.’

आणि खरंच मानत नव्हते, तोंडानं. तिला ‘मावशी’ म्हणायचे. माझी ती खरीच मावशी. मी सोबत जायचो, नळाकडं बसायचो. काम काय? सुरमई खवलून कापायची, बाहेरच्या नळाला. कोळंबी सोलायची, धागा काढायचा, बाहेर. घरात मिक्सर होता, पण साहेबांना पाट्यावरच्या वाटपाची चव हवी होती, म्हणून पाटा आणला आणि तो आवारात ठेवला. खोबरं, धणे, मिरची, सगळं वाटून वाटी खिडकीवर ठेवायची. आतून हात यायचा, वाटी जायची. आत कढईत तेल टाकून ती वाटी ओतली की टाळ्या. त्याला स्वयंपाक म्हणायचे. फोटो निघायचे. ‘मावशी, जरा बाजूला.’ ती बाजूला.

एक रात्र आठवते. ज्याची पाळी होती त्यानं कालवणात मीठ दोनदा टाकलं. तोंडं वाकडी झाली. तो खिडकीत आला, हळूच विचारलं, ‘मावशी, आता?’ मावशीनं बाहेरून सांगितलं, बटाट्याच्या फोडी टाका, नारळाचं दूध वाढवा, कोकम आता टाकू नका, शेवटी टाका. त्यानं केलं. कालवण वाचलं. आतून आवाज आला, ‘मास्टर शेफ!’ बाहेर ती परात घासत होती. माझ्याकडं बघून डोळा मारला तिनं. तिला त्याचं काय वाटत नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं.

मग ते झालं. पावसाचे दिवस, नळाकडं चिखल, म्हणून तिला आत मोरीत बसवली होती. शेगडीवर टोप रटरटत होता, साहेब पेला घेऊन ओट्यावर. टोप उतू चालला. ती उठली, झाकण काढलं, कालथ्यानं ढवळलं, आणि कुठलीही बाई करेल तसं दोन थेंब तळहातावर घेऊन चाखले. मीठ बघितलं. बस्स. कुणी ओरडलं नाही. कुणी शिवी दिली नाही. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. गॅस बंद केला. टोप उचलून बाजूला ठेवला. दुसरं काहीतरी शिजवलं, अंडी की काय. आणि निघताना तो टोप, भरलेला, कोंबडीचा, झाकण लावून तिच्या डोक्यावर दिला. ‘मावशी, घेऊन जा, पोरांना होईल.’ प्रेमानं बोलले.

घरी आम्ही पोरं तुटून पडलो. मी दोन वाट्या खाल्ल्या. भातावर घेऊन, बोटं चाटून. मावशी भिंतीला टेकून बसली होती. ‘तू जेव ना,’ आई बोलली. ‘भूक नाय.’ पुढच्या खेपेला ती गेली नाही. माळी दोनदा येऊन गेला.

मी त्या चवीबद्दल खोटं बोलणार नाही. ती कोंबडी फार छान झाली होती. वाटप तिचंच होतं.

ठरावातली ती ओळ वाचली आणि तो टोप माझ्या डोक्यावर येऊन बसला. ‘उरलंसुरलं ती नेईल.’ दोस्तांनो, ही ओळ आपल्या तोंडात कुठून आली? आपल्या आज्या-पणज्यांच्या डोक्यावर हीच ओळ होती. बलुतं म्हणा, हक्क म्हणा, गावकी करा आणि संध्याकाळी दारोदार ‘वाढा वो माय’. ते सोडवायला महाड झालं. मार्च १९२७. तळ्याचं पाणी सगळ्यांना आठवतं, पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना बजावलं होतं की उष्टं-शिळं मागून खाणं बंद करा. पाणी हातात घ्या आणि तुकडा हातातून टाका, ही दोन कामं एका दमात सांगितली होती.

आणि महाडात स्वयंपाकाचं काय झालं? ते आपल्या मिरवणुकीत कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. परिषदेला पाणी लागणार, तर ते सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं, चाळीस रुपयांचं. उशाला तळं आणि घोटाला पैसे. २० मार्चला ओंजळभर पाणी पिऊन लोक मांडवात परतले. गावात आवई उठवली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या घेऊन जमाव आला. मांडवात काही लोक जेवत होते. अन्न मातीत तुडवलं, भांडी फोडली, माणसं फोडली. ज्यांना आपल्या हातचं अन्न चालत नव्हतं त्यांच्या पायांना ते बरोबर चाललं. मग डिसेंबरात सत्याग्रह परिषद. बाबासाहेब २४ तारखेला मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीनं निघाले, दासगावच्या बंदरात उतरले, तिथून चालत महाड. ह्याच किनाऱ्यानं गेली ती बोट. मांडवाला जागा कुठला हिंदू देईना, फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं दिली. महाडचे वाणी धान्य विकेनात, सगळा शिधा बाहेरून आणला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. त्या जाळाची गोष्ट आपण सांगतो. त्या रात्री दुसरा एक जाळ पेटलेला होता, चुलीचा, आणि त्यावर बहिष्कार मोडून आणलेला तांदूळ शिजत होता. माझ्या लेखी दोन्ही जाळ सारखे.

चुलीशी कोण बसणार, हा प्रश्न अजून संपला नाही. २०१७ साली पुण्यात हवामान खात्यातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञ बाईंनी स्वयंपाकाच्या बाईवर पोलिसात तक्रार केली. का? सोवळ्याच्या स्वयंपाकाला ठेवलेली बाई ब्राह्मण नाही असं कळलं म्हणून. तोतयेगिरीचं कलम लागलं. म्हणजे लाडू वळायला माणूस नाही, जात नोकरीला ठेवली होती. बोंबाबोंब झाली तेव्हा तक्रार मागं घेतली. मान्सूनचा अंदाज उपग्रहावरून आणि आचारणीचा अंदाज आडनावावरून! २०२१ साली उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यात सुखीढांगच्या शाळेत दलित बाई खिचडी शिजवायला नेमली, सवर्ण पोरांनी डबे आणायला सुरुवात केली, तिला काढलं. मग दलित पोरं उठली. बोलली, तिच्या हातचं तुम्हाला नको तर तुमच्या बाईच्या हातचं आम्हाला नको. शाळकरी पोरं! सरकार हललं, तिला परत घेतलं. आपल्या चौदा जणांत तेवढी अक्कल भरली तरी पुरे.

एक माणूस मला ह्या सगळ्यात सारखा दिसतो. शिवराम जानबा कांबळे. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. फ्रीमेसन म्हणजे गोऱ्यांची आणि बड्यांची पुरुषांची मंडळी, बंधुभावाची शपथ घेणारी, बायांना दार बंद. त्या बंधूंना जेवण कोण लावणार? महार. गोऱ्या साहेबाला आपल्या माणसाचा हात चालायचा, प्रेमानं नाही हं, साहेबाच्या ताटात गाय असायची, डुक्कर असायचं, आणि उच्चवर्णीय नोकर त्याला हात लावत नव्हता. म्हणून आपले लोक साहेबाच्या मुदपाकखान्यात शिरले. आणि त्या बटलरनं काय केलं? १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ नावाचं पत्र काढलं. १९१० साली महारांना सैन्यात परत घ्या म्हणून विलायतेला अर्ज धाडला. दिवसा दुसऱ्यांच्या बंधुभावाच्या प्लेटा, रात्री आपल्या लोकांसाठी अक्षरं. आपण ज्यांच्या लेखणीवर उभे आहोत त्यांतला एक माणूस मंडळाच्या स्वयंपाकघरातला ‘मदतनीस’ होता. ठरावात आपण जिला ‘बाई’ लिहिलंय, नाव न लिहिता, ती उद्या काय लिहील ते आपल्याला काय माहीत?

तिला नाव आहे. मी इथं घेत नाही, तिला न विचारता कशाला घ्यायचं. पण आपण सगळे तिला ओळखतो. भांबुर्डीचा पाला ती आणून देते, भारा वीस रुपये. पाला ओळखायचा कसा, उग्र वासाचा कुठला आणि नुसताच दिसायला तसा कुठला, हे मला तिच्या सासऱ्यानं शिकवलं. म्हणजे आपल्या मंडळाची पहिली गुरू वाडीच झाली. दिवाळी झाली की त्यांची अर्धी वाडी वीटभट्टीवर जाते, उचल घेऊन. उचल फिटते का? १९७६ साली वेठबिगारी कायद्यानं संपली, कागदावर. भट्टीवर कातकरी अजून चिखल तुडवतोय, उचल फेडतोय. ती मागं राहिली, कारण सासरा आजारी. म्हणून ती आपल्याला ‘मिळण्यासारखी’ आहे. हा ठेकेदाराचाच हिशोब झाला. बंदरावर मुकादम असाच बघतो, कुणाच्या घरात अडचण आहे, तो कमी रोजावर येईल.

आता तुमची बाजू. काल नाक्यावर मला सुनावलं, ‘तुला कविता सुचतात, तिला तीनशे रुपये सुचतात. पोटावर पाय का आणतोस?’ ह्याचं उत्तर माझ्याकडं अर्धंच आहे, खरं सांगतो. तिला पैसे लागतात. मी इथं तत्त्व फोडत बसलो आणि तिकडं तिच्या घरी चूल पेटली नाही, तर माझं तत्त्व चुलीत घाला. पण तीनशे कुणी ठरवले? आपण चौदा जणांनी, ती नसताना. रात्री आठपासून एक वाजेपर्यंत पाच तास. आपण पोरं ठेकेदाराशी ओव्हरटाइमसाठी भांडतो, गेटवर बसतो, घोषणा देतो. आणि इथं आपणच ठेकेदार, ओव्हरटाइमचं नाव नाही, वर बोनस म्हणून खरकटं. घरकामगार बायांसाठी २००८ साली महाराष्ट्रात कायदा झाला, कल्याण मंडळ झालं. आपल्या पडवीत तो कायदा यायला चपला कुठं काढायच्या ते विचारत उभा राहील.

दुसरं बोललात, ‘आपण जात बघून ठेवत नाय, गरीब बघून ठेवतोय.’ मग ठरावात ‘कातकरीण’ कशाला लिहिलं? गरीब तर आपल्या वस्तीतही आहेत. मी सांगतो कशाला लिहिलं. आपल्या वस्तीतली ठेवली तर ती कुणाची तरी काकी, कुणाची आत्या. ती ताटात पाणी आपटेल, ‘उठ रे मेल्या, घास स्वतः’ म्हणेल. कातकरीण बोलणार नाही. आपल्याला न बोलणारी पाहिजे. पाटलाला आपली आजी ह्याचसाठी पाहिजे होती.

माझ्या बहिणीला मी विचारलं, येशील का मंडळात? ती बारावीला आहे. बोलली, ‘शिजवायला बोलवत असशील तर येत नाय. बसायला बोलव. आगीपाशी. तुम्ही काय बोलता एवढं रात्रभर ते मला ऐकायचंय.’ बायांना सुट्टी देतो म्हणून आपण त्यांना आगीपासून पण लांब ठेवलं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कविता वाचली तिथं, राजकारण झालं तिथं, पुढच्या मोर्चाचं ठरलं तिथं. सगळं चुलीच्या उजेडात, आणि चूल जिची ती घरात अंधारात.

म्हणून मी दुरुस्ती मांडतो. लिहून घ्या चिटणीस.

तीन महिने कुणालाही ठेवायचं नाही. भांडी सभासदांनी घासायची, त्याच रात्री, चूल विझायच्या आत. गरम पाणी चुलीवरच होतं, चरबी थिजत नाही, हे मी करून बघितलंय. चौदा नावांच्या चिठ्ठ्या, चौघे एका वेळी. जो घासणार नाही त्याला पुढच्या वेळी कोरा भात. बाया नकोत हा नियम रद्द, ज्यांना बसायचंय त्या बसतील, त्यांना कालथा द्यायचा नाही, त्यांनी मागितला तर गोष्ट वेगळी. तीन महिन्यांनी १४ एप्रिल येतो, तेव्हा सबंध वस्तीचं जेवण असतं, पाचशे पानं, मोठ्या डेगा. तेव्हा चौदा जणांना झेपणार नाही, माणसं लावावीच लागतील, मान्य. तेव्हा तिला विचारायचं. वाडीवर जाऊन, तिच्या ओट्यावर बसून. काय काम करशील, किती घेशील, ती सांगेल तो आकडा. शिजवायचं म्हणाली तर आचाऱ्याचा दर, घासायचं म्हणाली तरी आचाऱ्याचा दर. जेवताना ती पंगतीत, पहिल्या पंगतीत. रात्री सोडायला दोघं जण मोटरसायकलवर नाही, पायी, बोलत. उरलेलं अन्न तोलून सगळ्या घरांत वाटायचं, आपल्याही. तिच्याही घरी जाईल, आपल्याइतकंच, पण मजुरीत धरायचं नाही.

‘उरलंसुरलं ती नेईल’ ही ओळ ठरावातून काढायची. खोडायची नाही नुसती, कागद फाडून परत लिहायचा. शाईखालून अक्षर दिसतं.

मत घ्या आता. माझ्या मताला किती हात येतील ते मला दिसतंय, पाच-सहा. हरकत नाही. ह्या शनवारी माझी पहिल्या पाळीची ड्यूटी आहे, चारची तर धरून येतो. राख आमच्या चुलीतली आणतो, काथ्या दोन आणतो. तिघं अजून पाहिजेत.